पॅपिलिओ डार्डॅनस

पॅपिलिओनिडी कुलातील एक आफ्रिकी फुलपाखरू. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील वनप्रदेशांत, तसेच मादागास्कर व कोमोरो बेटांवर ते आढळते. नराचे पंख फिकट पिवळे व काळ्या किनारीचे असून मागील पंखांना शेपटीसारखी टोके असतात. मुख्यभूमीवरील मादी मात्र बहुधा बिनशेपटीची असते. तिची अनेक रूपे असून त्यांतील बरीचशी पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या अन्य फुलपाखरांची नक्कल करतात. हिप्पोकून हे रूप ॲमॉरिस नायव्हियससारखे, तर ट्रोफोनियस हे डॅनॉस क्रिसिपससारखे दिसते. डॅनॉस क्रिसिपस म्हणजेच रुईवर वाढणारे व महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारे बिबळ्या कडवा.

पीटर ब्राउन यांनी १७७६ मध्ये या जातीला नाव दिले. मेरोप हे नावही दीर्घकाळ रूढ होते आणि निरनिराळ्या माद्या स्वतंत्र जाती म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. त्या सर्व एकाच जातीच्या असल्याचे निसर्गवैज्ञानिक रोलंड ट्रायमेन यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. ते अनेकांना पटले नाही. पुढे अळ्या वाढवून मिळालेल्या पुराव्याने हा वाद मिटला.

ही नक्कल कशी उद्भवली, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांच्या मते ती एकाच मोठ्या उत्परिवर्तनाने (जनुकातील आकस्मिक बदलाने) घडली, तर संख्याशास्त्रज्ञ व जनुकशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी क्रमाक्रमाने होणाऱ्या नैसर्गिक निवडीवर भर दिला. सिरिल क्लार्क व फिलिप शेपर्ड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या संकरांत रूपांचे नियंत्रण मुख्यतः एका जनुकस्थानाकडे (गुणसूत्रावरील जनुकाच्या जागेकडे) असल्याचे दिसले. परंतु दूरच्या प्रदेशांतील वंशांचा संकर केल्यास साम्य बिघडते, असेही आढळले. त्यामुळे प्रारंभी एक मोठा बदल व नंतर इतर जनुकांनी केलेली बारीक सुधारणा, हे मध्यममार्गी स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. हे स्थान इनग्रेल्ड-इनव्हेक्टेड या जनुकांच्या परिसरात असल्याचे अलीकडे दिसून आले आहे. भारतातील कॉमन मॉरमॉन या पॅपिलिओ प्रजातीतीलच (जातींच्या त्याच गटातील) फुलपाखराच्या माद्यांतील नक्कल मात्र डबलसेक्स या वेगळ्याच जनुकाशी निगडित असल्याचे कृष्णमेघ कुंटे व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले. म्हणजे एकाच प्रजातीत सारखा परिणाम निरनिराळ्या जनुकांनी साधला गेला आहे.

मादागास्करमधील मादी नरासारखीच शेपटीदार असते. ही स्थिती मूळची असावी, असे सामान्यतः मानले जाते. अळी लिंबाच्या कुलातील वनस्पतींवर वाढते.