ध्रुवावरचा बर्फ बघायला जहाजं कधीपासून जाऊ लागली

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या घरच्या काकू या दिवाळीनंतर अंटार्क्टिकाला जाणार आहेत. मुलगी परदेशात नोकरीला आहे, तिनंच दोघांचं जहाजाचं तिकीट काढलं. बातमी पारावर पोचली तेव्हा पऱ्हाटीतून कापूस वेचून आलेल्या एका आजीनं सरळ विचारलं, "बर्फ पाह्यासाठी इतक्या दूर कायले जाता जी गुरुजी?"

गुरुजी हसले, पण उत्तर काही देता आलं नाही. प्रश्न खराच आहे. नवतप्यात पारा सत्तेचाळीसवर नेणाऱ्या मुलखातल्या माणसाला बर्फाचं आकर्षण असणार हे समजतं. पण पैसे भरून, जहाजात बसून, फक्त बघण्यासाठी पृथ्वीच्या टोकाला जायचं, ही रीत आली कुठून? ती फार जुनी नाही. तिच्या आधी त्याच वाटेनं जी माणसं गेली, ती वेगळ्याच कामासाठी गेली होती.

सुरुवात मी आपल्याच नदीपासून करतो. चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगा वर्धेला मिळते त्या बाजूला, इरई नावाचं गाव आहे (चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी ती वेगळी). तिथे पैनगंगेच्या पात्रात चुनखडीचा खडक उघडा पडलेला आहे आणि त्याच्यावर एकाच दिशेनं ओढलेले ओरखडे आहेत, विळ्यावर कानस फिरवल्यासारखे. फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकानं १८७५ साली हे ओरखडे बर्फाचा पुरावा म्हणून नोंदवले. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाला अडकलेले दगड खालचा खडक खरवडत जातात. म्हणजे जिथे आज उन्हाळ्यात वाळू पायाला चटके देते, तिथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता.

त्या काळी भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका एकाच भूखंडात जोडलेले होते. त्या भूखंडाला जगभर गोंडवन म्हणतात. नाव आपल्या गोंड राजांच्या मुलखावरून पडलेलं आहे. पुढे बर्फ वितळला, ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांची दलदलीतली जंगलं माजली, गाडली गेली, आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. वणी, घुग्गुस, भद्रावती, बल्लारपूर या पट्ट्यात ज्या खाणींवर कित्येक घरं चालतात, तो हाच कोळसा. त्याच्या थरांत जिभेच्या आकाराच्या, मधोमध ठळक शीर असलेल्या पानांचे ठसे सापडतात.

आता हेच पान दुसऱ्या टोकाला बघा. इंग्लंडचा रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन त्याच्या आधीच, १४ डिसेंबर १९११ ला, तिथे झेंडा लावून परतीला लागला होता. परत येताना स्कॉटच्या माणसांची अन्नान्न दशा झाली होती, पाय हिमदंशानं काळे पडले होते. तरी वाटेतल्या बियर्डमोर हिमनदीकाठी थांबून त्यांनी दगड गोळा केले आणि जवळजवळ १६ किलो वजन घसरगाडीवर शेवटपर्यंत ओढलं. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला त्यांचे मृतदेह तंबूत सापडले, आणि ते दगडही. दगडांत ग्लोसोप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. चंद्रपूरच्या खाणीतलं आणि ध्रुवाच्या वाटेवरचं पान एकाच जंगलाचं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा कितीतरी दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आजीच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. तो मुलूख आपल्याला वाटतो तेवढा परका नाही.

पण अंटार्क्टिकाकडे पहिली मोठी झुंबड उडाली ती कातड्यासाठी. इंग्लिश दर्यावर्दी जेम्स कुकनं १७७३ मध्ये दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं, तरी जमीन त्याच्या नजरेस पडली नाही. १८१९ मध्ये विल्यम स्मिथला दक्षिण शेटलंड बेटं दिसली आणि तिथल्या किनाऱ्यांवर केसाळ सील मुबलक आहेत, ही बातमी बंदरांत पसरली. पुढच्याच हंगामात इंग्लंड-अमेरिकेची जहाजं तिथे जाऊन धडकली. मुख्य भूमीचं पहिलं दर्शन १८२० चं, पण सीलवाल्यांना भूगोलाशी देणंघेणं नव्हतं. तीन-चार हंगामांत त्या बेटांवर मारायला सील उरले नाहीत. मग पाळी आली देवमाशांची. दक्षिण जॉर्जिया बेटावर कार्ल अँटन लार्सन यानं १९०४ मध्ये ग्रिटविकेन हे ठाणं उभारलं. त्या बेटावरच्या ठाण्यांवर साठेक वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले. त्यांच्या चरबीचं तेल युरोपात साबणात आणि मार्गारिनमध्ये गेलं.

आजचे प्रवासी जिथे उतरतात त्यातलं डिसेप्शन बेट हे बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे. एका अरुंद फटीतून जहाज आत शिरतं आणि गोल, शांत पाण्यात उभं राहतं. किनारा काळ्या वाळूचा आहे. तिथे चरबी वितळवायच्या गंजलेल्या टाक्या आणि बॉयलर अजून उभे आहेत, वाळूत देवमाशांची हाडं पडलेली दिसतात. उसाचा हंगाम संपल्यावर ओस पडलेल्या गुऱ्हाळासारखं, पण कितीतरी पटीनं मोठं आणि उदास.

ब्रिटिश मोहीमवीर शॅकलटनची गोष्ट मराठीतही बऱ्याच जणांनी वाचलेली असते, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याचं एंड्युरन्स जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकून चिरडलं, नोव्हेंबरात बुडालं, आणि तरी त्याच्यासोबतची सगळी माणसं जिवंत परतली. ते जहाज मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडलं. अशा मोहिमांनी जगाला त्या बर्फाची छायाचित्रं दिली. बघायची ओढ तिथून लागली.

उत्तर ध्रुवाकडे हौशी प्रवासी त्याहून आधीच निघाले होते. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवर १८९० च्या दशकात उन्हाळी आगबोटी जाऊ लागल्या आणि १८९६ मध्ये तिथे पाहुण्यांसाठी लाकडी हॉटेलही निघालं. ते फार चाललं नाही. मात्र १९०६ मध्ये जॉन लाँगइयर या अमेरिकन माणसानं तिथे कोळशाची खाण काढली आणि त्याच्या नावाचं लाँगइयरब्येन गाव वसलं. आज त्या गावातून अस्वलं आणि हिमनद्या बघायला जहाजं सुटतात, आणि तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. खाणीवरचं गाव पर्यटनावर कसं येतं, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी लाँगइयरब्येनचा इतिहास जरूर वाचावा. आपल्या जिल्ह्यालाही एक दिवस हा प्रश्न पडणारच आहे.

दक्षिणेकडे पर्यटक नेणारं पहिलं जहाज अर्जेंटिनाचं, १९५८ मधलं. पण आज जिला मोहीम-जहाज म्हणतात ती पद्धत घातली लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. जन्मानं स्वीडिश, व्यवसायानं अमेरिकेतले प्रवास संयोजक. १९६६ मध्ये त्यांनी अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्यानं घेऊन प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं. सोबत जाणकार शास्त्रज्ञ घेतले, त्यांनी जहाजावर रोज व्याख्यानं द्यायची, आणि मग रबरी झोडियाक बोटींतून किनाऱ्यावर उतरायचं. १९६९ मध्ये त्यांनी याच कामासाठी लाल रंगाचं छोटं, बर्फाला तोंड देऊ शकेल असं लिंडब्लाड एक्सप्लोरर बांधून घेतलं. शंभरेक प्रवासी मावतील एवढंच. मला त्यांच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला या जागेची माहिती होईल, तो तिची राखण करेल, असा त्यांचा विश्वास होता.

त्याला जोड मिळाली ती १ डिसेंबर १९५९ च्या अंटार्क्टिक कराराची. बारा देशांनी सह्या केल्या: तिथे सैन्य नाही, अणुस्फोट नाहीत, जमिनीचे दावे गोठवलेले, विज्ञानाला मोकळीक. १९९१ मध्ये माद्रिदला झालेल्या जोड-करारानं खाणकामही बंद केलं. ग्लोसोप्टेरिसचा कोळसा तिथल्या डोंगरांतही आहे, शॅकलटनच्या माणसांना तो १९०८ मध्येच दिसला होता. इथला आपण जाळतो आहोत, तिथला त्या करारामुळे जमिनीतच राहिला आहे.

त्याच १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, आणि पर्यटनाला अचानक जहाजं मिळाली. पैशाअभावी उभी असलेली रशियन संशोधन जहाजं आणि बर्फफोडी जहाजं कप्तान-खलाशांसकट भाड्यानं मिळू लागली. अणुऊर्जेवरची काही तर प्रवाशांना थेट उत्तर ध्रुवावर नेऊ लागली. त्याच वर्षी अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या सात कंपन्यांनी मिळून आयाटो ही संघटना काढली आणि स्वतःवरच नियम घालून घेतले. आज एका हंगामात एक लाखावर माणसं अंटार्क्टिकाला जातात. बहुतेक जण अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघतात आणि दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनीच्या लाटा सोसून अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाला लागतात.

या प्रवासानं बळीही घेतले आहेत. २८ नोव्हेंबर १९७९ ला न्यूझीलंडहून नुसतं वरून बर्फ दाखवायला निघालेलं विमान एरेबस पर्वतावर आदळलं आणि २५७ माणसं गेली. लिंडब्लाड यांचं ते लाल जहाज पुढे अनेक मालक बदलून २३ नोव्हेंबर २००७ ला दक्षिण शेटलंडजवळ बर्फाचा मार लागून बुडालं. जहाजावरचे सगळे १५४ जण होड्यांत उतरले आणि काही तासांनी नॉर्वेच्या एका प्रवासी जहाजानं त्यांना उचललं. समुद्र त्या दिवशी शांत होता म्हणून. त्यानंतरच्या वर्षांत नियम आणखी आवळले. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं माणसं उतरवायचीच नाहीत, एका वेळी किनाऱ्यावर शंभरापेक्षा जास्त माणसं नकोत. २०११ पासून तिथे जड इंधन तेल बंद आहे आणि २०१७ पासून ध्रुवीय जहाजांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संहिता लागू आहे.

आपला देश तिथे प्रवासी म्हणून नव्हे, अभ्यासक म्हणून गेला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरले. १९८३ मध्ये भारतानं करारावर सही केली आणि त्याच वर्षाअखेर निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या मुलखात जन्मलेली मुलगी समुद्राचा अभ्यास करत बर्फापर्यंत पोचली, हे आमच्या शाळांच्या भिंतींवर लिहिलं पाहिजे. आज मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं तिथे चालतात, आणि २०२२ पासून आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही आहे.

गुरुजींना मी एवढंच म्हटलं की ताडोब्याची सवय आहे, तुम्हाला जड जाणार नाही. वाघ दिसला तरी जिप्सीतून खाली उतरायचं नाही, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. तिथे पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विनला तो नियम माहीत नसतो, तो आपणहून बुटापाशी येतो, तेव्हा आपण उभं राहायचं. समुद्रापासून घरट्यापर्यंत त्यांच्या रोजच्या जाण्या-येण्यानं बर्फात पांदणीसारखी खोल वाट पडलेली असते. ती अडवायची नाही, पेंग्विनला आधी जाऊ द्यायचं. आपला पाय भुसभुशीत बर्फात गुडघ्याएवढा रुतला तर तो खड्डा बुजवूनच पुढे जायचं, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर निघता येत नाही. स्वालबार्डला अस्वलापासून आता किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनअखेर ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. बर्ड फ्लू फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचल्याचं सिद्ध झालं. त्यामुळे तिथे उतरल्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बूट सोडून काही जमिनीला लावायचं नाही.

काकूंना मात्र एका वेगळ्याच गोष्टीनं विचारात पाडलं. किनाऱ्यावर उतरायच्या आधी जहाजावर प्रत्येकाचे कपडे आणि पिशव्या तपासतात. खिसे उलटे करतात, शिवणी आणि चिकटपट्ट्या व्हॅक्यूमनं साफ करतात, बूट ब्रशनं घासून जंतुनाशकात बुडवतात. एखादं गवताचं बीसुद्धा जाऊ द्यायचं नसतं. युरोपातलं एक साधं गवत किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर असंच पोचलं आणि रुजलं, ते उपटून काढताना शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं झगडत आहेत.

हे ऐकून काकू आत गेल्या आणि प्रवासासाठी काढून ठेवलेली पाठीवरची पिशवी घेऊन आल्या. गेल्या हंगामात ती वावरात नेली होती. पट्ट्यांच्या शिवणीत पाच-सहा कुसळं रुतलेली होती आणि तळाशी एक गोखरू. ओट्यावर उजेडात बसून, चष्मा नाकावर ओढून, त्यांनी चिमट्यानं एकेक कुसळ काढायला घेतलं.