पदावधिमर्यादा (व्यावसायिक नोंदणी परिषदांची)

व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या किंवा सनद देणाऱ्या राज्यस्तरीय परिषदेवर एकाच व्यक्तीने लागोपाठ किती वेळा, अथवा एकूण किती काळ, सदस्य राहावे यावर कायद्याने घातलेला निर्बंध. पदावधी आणि पदावधिमर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर ५ वर्षांनी निवडणूक घ्यावी लागते, हा पदावधी. दोनदा निवडून आलेल्याला तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही, ही मर्यादा. बोलण्यात दोन्हींसाठी ‘टर्म’ हाच शब्द चालतो, त्यामुळे चर्चेत पुष्कळ गोंधळ होतो. महाराष्ट्रातील जुन्या परिषदांच्या कायद्यांत भर आहे तो पदावधीवर.

नाशिकला या विषयाशी थेट संबंध आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) म्हसरूळला आहे. राज्यभरातील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा शाखांच्या पदव्या तेथून मिळतात. व्यवसायाचा अधिकार मात्र पदवीने मिळत नाही. त्यासाठी मुंबईतील त्या त्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात उभे राहणाऱ्या वकिलाची सनदही महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचीच असते. (स्थानिक वकील संघ ही वेगळी, स्वेच्छेने चालणारी संस्था, सनद देण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार तिला नाही.)

उगम : या कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. उत्तरमेरूर (कांचीपुरम जिल्हा, तमिळनाडू) येथील पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, साधारण इ. स. ९१९ व ९२१ चे मानले जाणारे शिलालेख पुष्कळदा पुढे केले जातात. ग्रामसभेच्या समित्यांवर माणसे निवडताना पात्र व्यक्तींची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या घड्यात टाकून त्यांतून उचलत. वय ३५ ते ७० असावे, करपात्र जमीन असावी, आणि मागील ३ वर्षांत कोणत्याही समितीवर काम केलेले नसावे, अशा अटी होत्या. शेवटची अट म्हणजे उघड पदावधिमर्यादाच. यावरून काही अभ्यासक आजच्या तरतुदींचे मूळ येथे शोधतात. दुसऱ्या मतानुसार ती ब्राह्मण जमीनधारकांची सभा होती आणि तिच्यापासून आजच्या परिषदांपर्यंत परंपरेचा धागा दाखवता येत नाही. हे दुसरे मत अधिक सावध आहे. तरीही ‘कायमची बंदी नको, मधे खंड हवा’ हा विचार तेथे स्पष्ट दिसतो, आणि तो मोलाचा आहे.

नाशिकपुरते पाहता पांडवलेण्यांचा पुरावा यापेक्षा बराच जुना आहे. लेणे क्र. १० मधील उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या) लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. त्यांतील २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने, तर १,००० शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेचे वर्षाचे २४० कार्षापण व्याज २० भिक्षूंना प्रत्येकी १२ प्रमाणे चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) बरोबर पुरते. हे सर्व निगमसभेत (नगरसभेत) ऐकवले व रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो. लेखातील वर्ष ४२ हे शकवर्ष मानल्यास इ. स. १२० येते; ती नहपानाची राज्यवर्षे मानल्यास काळ पहिल्या शतकात सरकतो, आणि अलीकडे या मताकडे कल वाढला आहे. व्यवसायाची संघटना, तिची विश्वासार्हता आणि जाहीर नोंद या तिन्ही गोष्टी येथे आहेत. श्रेणीच्या प्रमुखांनी किती काळ पदावर राहावे हा मात्र या लेखाचा विषय नाही. बृहस्पतिस्मृतीत समूहाचे हित पाहणारे दोन, तीन किंवा पाच जण नेमावेत असे म्हटले आहे. त्यातून संख्या कळते, मुदत नव्हे.

आजच्या परिषदांचा साचा थेट ब्रिटिश आहे. इंग्लंडच्या १८५८ च्या वैद्यक अधिनियमात सदस्यांची मुदत जास्तीत जास्त ५ वर्षे ठेवून पुनर्नियुक्तीस मोकळीक दिली होती. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने वैद्यक परिषद आली. सध्याचा महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम १९६५ चा आहे. ५ वर्षांची मुदत टिकून राहिली.

‘जो काळ अधिक असेल तो’ : या विषयाची खरी गाठ या शब्दांत आहे. औषधनिर्माण अधिनियम, १९४८ च्या कलम २५ नुसार राज्य परिषदेचा सदस्य ५ वर्षे, किंवा त्याचा उत्तराधिकारी रीतसर निवडला वा नेमला जाईपर्यंत, यांपैकी जो काळ अधिक असेल तोपर्यंत पदावर राहतो. पुन्हा निवडून येण्यासही तो पात्र असतो. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद अधिनियमातही हीच रचना होती. म्हणजे निवडणूक लांबली की मुदतही आपोआप लांबते, आणि निवडणूक वेळेवर घेण्याची निकड उरत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात परवाना मंडळांसाठी नेमकी उलटी भाषा आहे : उत्तराधिकारी येईपर्यंत किंवा मुदत संपल्यापासून १ वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते. शिवाय लागोपाठ दोनच पूर्ण मुदती. एक शब्द बदलला की सत्तेचा सगळा हिशेब बदलतो. म्हणून कायदा वाचताना ‘५ वर्षे’ या आकड्यापाशी थांबू नये.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ याबाबत अधिक काटेकोर आहे. कलम ८ नुसार निवडून आलेल्या सदस्याची मुदत ५ वर्षे; निवडणूक न झाल्यास भारतीय बार कौन्सिल ती फार तर ६ महिने वाढवू शकते. त्यानंतर कलम ८-क खाली विशेष समिती येते. पुन्हा उभे राहण्यावर मात्र बंधन नाही. मतपत्रिकेवर फुली किंवा शिक्का नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. २५ जागांसाठी एकल संक्रमणीय मतपद्धत (एकच मत, पण ते पसंतीक्रमाने पुढच्या उमेदवाराकडे जाऊ शकते) असल्याने निवडून येण्याचा कोटा वैध मतांच्या सव्विसाव्या भागाच्या जरा वर, म्हणजे ४ टक्क्यांच्याही आत असतो. दोन-तीन जिल्ह्यांत पक्के पाठबळ असलेला उमेदवार बाकी राज्यात फारसा परिचित नसतानाही पुनःपुन्हा निवडून येऊ शकतो. अल्पसंख्य गटांना आवाज देणे हे या पद्धतीचे बलस्थान आहे. पण तिच्या जोडीला मुदतींची मर्यादा का हवी, याचे सर्वांत भक्कम कारणही हेच.

राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ ने अध्यक्षाची मुदत जास्तीत जास्त ४ वर्षे केली आणि मुदतवाढ व पुनर्नियुक्ती दोन्ही बंद केल्या. ही अट केंद्रीय आयोगापुरती आहे. राज्य वैद्यक परिषदांची मुदत राज्याच्या कायद्यानेच ठरते. सनदी लेखापालांची संस्था राज्यस्तरीय नाही, पण तुलनेसाठी महत्त्वाची आहे. २००६ च्या दुरुस्तीने तिच्या केंद्रीय परिषदेवर लागोपाठ तीन मुदतींची मर्यादा आली. २०२२ च्या दुरुस्तीने मुदत ३ वरून ४ वर्षे आणि मर्यादा दोन मुदती झाली. अध्यक्षपद भूषवलेल्या व्यक्तीला परिषदेवर पुन्हा येता येत नाही.

मतमतांतरे : मर्यादेच्या विरोधात अनुभवाचा मुद्दा मांडला जातो, आणि तो पोकळ नाही. गैरवर्तनाच्या तक्रारींची सुनावणी लांबते. मधेच सदस्य बदलले तर नव्यांना सारे कागद पुन्हा वाचावे लागतात. पण त्याच सुनावण्यांत वर्षानुवर्षे तीच माणसे बसली, तर तक्रारदार रुग्णाला किंवा पक्षकाराला न्यायाची खात्री वाटत नाही. नाशिकच्या डॉक्टरला दर ५ वर्षांनी सीएमईचे (निरंतर वैद्यक शिक्षणाचे) ३० क्रेडिट पॉइंट दाखवून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. परिषदेवर बसणाऱ्यांनाही तितकीच स्पष्ट कालमर्यादा असावी, ही अपेक्षा रास्त आहे. कायमची बंदी न घालता लागोपाठ दोन मुदतींनंतर खंड (‘कूलिंग ऑफ’) ठेवणे हा मधला मार्ग.

अपुरी मुदत : राजीनामा किंवा मृत्यूमुळे रिकाम्या झालेल्या जागेवर आलेला सदस्य उरलेल्या काळापुरताच असतो. मर्यादा मोजताना तो काळ धरायचा की नाही, हे कायद्यातील शब्दांवर अवलंबून असते. कॅलिफोर्नियात ‘पूर्ण मुदत’ असा शब्द असल्याने तो धरला जात नाही.