जुन्या अडॅप्टरची पिन ओळखताना

कपाटातून जुना मोडेम, सिंथेसायझर किंवा हार्ड डिस्क निघते. अडॅप्टर सापडत नाही, किंवा सापडला तरी त्याची पिन ओळखीची वाटत नाही. नागपुरात बर्डीवरच्या आमच्या दुकानात अशा वस्तू नेहमी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तूंना घरातले चार-पाच अडॅप्टर आधीच लावून पाहिलेले असतात. तसे करण्याआधी हे पत्रक वाचावे, ही विनंती. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, असे होत नाही.

नेहमीची गोल पिन

बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीची पिन सगळ्यात जास्त दिसते. तिच्या आतले भोक मात्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असते, आणि हा फरक डोळ्यांना कळत नाही. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन सहज जाते, पण सैल राहते. वस्तू चालू-बंद होत राहते आणि ग्राहकाला वाटते की वस्तूच बिघडली. टोक पिवळे असून आत बारीक सुई असेल, तर ती बहुधा जपानी मापाची पिन आहे. त्या पद्धतीत व्होल्टेजच्या टप्प्यानुसार पिनेचे माप बदलते, म्हणून चुकीचा अडॅप्टर सहसा आत जातच नाही. अशा पिनेला जोर लावू नका.

चार काड्यांची गोल पिन

आमची खरी काळजी हिच्याबद्दल आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या माउसला असायची तशीच ही दिसते, फक्त सहाऐवजी चार काड्या. टेबलावर ठेवायच्या मोठ्या हार्ड डिस्कच्या जुन्या डब्यांना ही पिन असे, कारण त्या डिस्कला दोन व्होल्टेज लागतात: मोटरला १२ आणि आतल्या सर्किट बोर्डाला ५. कोणत्या काडीवर काय, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. काही मॉनिटर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरलाही (रेकॉर्डिंगच्या डब्यालाही) अशीच दिसणारी पिन येते, पण तिच्यात फक्त १२ व्होल्ट असतात. ती डिस्कला लावली आणि ५ च्या जागी १२ गेले, तर बोर्ड जळतो. वस्तू नवी घेता येते. त्या डिस्कमधले मुलीच्या बारशाचे फोटो कुठून आणणार?

लेबल वाचा, दोन्हीकडचे

अडॅप्टरवरचे आउटपुटचे आणि वस्तूच्या पाठीवरचे व्होल्ट सारखेच हवेत. अँपिअर अडॅप्टरचे जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत. सरळ रेघेखाली तुटक रेघ असेल तर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), नागमोडी रेघ असेल तर एसी (दिशा बदलत राहणारी वीज). काही जुन्या मोडेमना एसीच लागतो. लेबलवरच्या चिन्हात मधल्या ठिपक्यातून निघालेली रेघ + कडे जाते की − कडे, हेही बघा; पिनेच्या मध्ये प्लस आहे की मायनस, ते त्यावरून कळते. कॅसिओच्या अनेक जुन्या कीबोर्डना ९ व्होल्ट लागतात आणि त्यांच्या पिनेत मध्ये मायनस असतो, म्हणजे नेहमीच्या उलट.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या वस्तूंचे इनपुट मुद्दाम तपासा. लेबलवर इनपुटपुढे फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल, तर आपल्या २३० च्या बोर्डात तो अडॅप्टर लावू नका.

जुन्या वजनदार अडॅप्टरवर १२ लिहिलेले असून मल्टिमीटर १६-१७ दाखवत असेल, तर घाबरू नका. आत साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या अडॅप्टरचे व्होल्टेज लोड नसताना, म्हणजे वस्तू जोडलेली नसताना, असे चढते.

दुकानात येताना

अडॅप्टर आणि वस्तू दोन्ही आणा. नुसत्या फोटोवरून आतले माप कळत नाही. आम्ही पिन कॅलिपरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) मोजतो, व्होल्टेज आणि प्लस-मायनस मीटरवर तपासतो, मगच जोडतो. जुना अडॅप्टर बंद पडला असला तरी भंगारात देऊ नका. बाजारात न मिळणारी पिन त्याच्याच वायरीसकट काढून नव्या अडॅप्टरला सोल्डर करता येते.