आयटीआय, पॉलिटेक्निक आणि छोटे कोर्स: सरकारी पैसे कुठून मिळतात आणि कुठे अडकतात

नमस्कार. दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या सेंटरवर झेरॉक्सपेक्षा प्रश्नच जास्त येतात, आणि त्यातला पहिला ठरलेला असतो, "स्कॉलरशिप कुठली भरायची?" त्यावर आम्ही उलटं विचारतो, कोर्स कुठला? लोकांना वाटतं आम्ही टाळतोय. पण खरं सांगतो, सगळं यावरच ठरतं. प्रत्येक योजनेमागे सरकारचा एक विभाग असतो आणि त्या विभागाने ठरवलेल्या कोर्सनाच ती लागू होते. आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे, पॉलिटेक्निक उच्च व तंत्र शिक्षणाकडे, आणि दोन-तीन महिन्यांचे शिवणकाम, मोबाईल रिपेअरिंग असले कोर्स बऱ्याचदा केंद्राच्या योजनांमधून येतात. म्हणून हा कागद नीट वाचा, घरात कोणाला उपयोगी असेल त्याला द्या, आणि काही कळलं नाही तर येऊन विचारा, विचारायचे पैसे आम्ही घेत नाही.

आधी मुलींच्या फीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे

"मुलींना शिक्षण मोफत झालंय ना, मग आमच्या पोरीकडे फी कशी मागतात?" हे रोज ऐकतो. तो जीआर ८ जुलै २०२४ चा आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) किंवा ओबीसीमधली आहे, आणि व्यावसायिक कोर्सला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन झालंय, तर आधी जी निम्मी शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ व्हायची ती आता पूर्ण होते. पण हे उच्च व तंत्र शिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी अशा विभागांच्या कोर्सना आहे, आयटीआयला वेगळी व्यवस्था आहे, ती खाली सांगतो. आणि माफी शिक्षण फी आणि परीक्षा फीचीच, हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं यांचे पैसे धरून ठेवा. कॉलेजात जाऊन भांडायच्या आधी पावतीवर कुठली रक्कम कुठल्या नावाखाली लिहिलीय ते बघा, नुसता एकूण आकडा बघून काही कळत नाही.

आयटीआय

सरकारी आयटीआयची फी मुळात कमीच असते, त्यामुळे तिथे फीपेक्षा विद्यावेतनाचा विषय येतो. कित्येक वर्षं हे महिन्याला ४० रुपये होतं, ४० रुपयांत आज एसटीचं तिकीट पण धड निघत नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ते महिन्याला ५०० रुपये केलं. त्यात प्रवर्ग आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, त्यामुळे ॲडमिशन झालं की पहिल्याच आठवड्यात आयटीआयच्या ऑफिसात आपलं नाव यादीत आहे का ते विचारून घ्यायचं, लाजायचं नाही, ते आपल्या हक्काचं आहे.

प्रायव्हेट आयटीआयला फी जास्त असते, तिथे प्रशिक्षण शुल्काच्या प्रतिपूर्तीची योजना आहे, ती महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायची. उत्पन्नाची वरची मर्यादा ८ लाख आणि किती टक्के फी परत मिळणार ते प्रवर्गावर आणि उत्पन्नावर ठरतं. यात एक अट अशी आहे की तिच्यामुळे चांगली चांगली मुलं बाहेर राहतात: ॲडमिशन केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून झालेलं पाहिजे. संस्थेच्या पातळीवर थेट सीट घेतली असेल तर ही योजना मिळत नाही. कोणी म्हणालं "आत्ता डायरेक्ट घ्या, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो" तर तिथेच थांबा, घरी या, आणि अलॉटमेंट लेटर (सीट मिळाल्याचं पत्र) हातात मिळेपर्यंत पैसे भरू नका.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार आयटीआय, अकरावी-बारावी, पॉलिटेक्निक डिप्लोमा हे सगळे चौथ्या गटात येतात, म्हणजे सक्तीची फी मिळतेच, वर घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला २,५०० आणि हॉस्टेलवाल्याला ४,००० रुपये, दिव्यांग असेल तर त्यावर १० टक्के जास्त. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून निराश होऊ नका, फ्रीशिप नावाची वेगळी योजना आहे, त्यात निर्वाह भत्ता नाही पण शिक्षण फी आणि परीक्षा फी मिळते. आदिवासी, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) यांच्या योजना आपापल्या विभागाच्या आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या, तुमचं प्रवर्गाचं प्रमाणपत्र घेऊन आलात की आम्ही पोर्टल उघडून समोरच दाखवतो. एकाच फीसाठी दोन योजना एकदम घेता येत नाहीत, त्यामुळे जास्त फायद्याची कुठली ते आधी बघायचं आणि मगच अप्लाय दाबायचं.

पॉलिटेक्निक

खुल्या प्रवर्गातल्या आणि एसईबीसीच्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, लोक अजून हिला ईबीसीच म्हणतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, शिक्षण फी आणि परीक्षा फीच्या निम्मे पैसे (एसईबीसीच्या मुलींना वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण), कॅपमधून ॲडमिशन, आणि घरातल्या पहिल्या दोन मुलांनाच. हजेरी पण बघतात. फॉर्म भरून विसरून गेलं आणि सेमिस्टरभर कॉलेजला गेलंच नाही असं चालत नाही.

पैसे नक्की कुठे अडकतात

हा भाग जरा मोठा आहे पण हाच महत्त्वाचा. आमच्याकडे जे पालक हताश होऊन येतात त्यातल्या बहुतेकांचा मुलगा किंवा मुलगी योजनेत अगदी बसत असते, अडलेलं असतं ते कागदावर नाहीतर बँकेत.

आधार आणि बँक खातं. पासबुकाला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार लिंक झालं असं सगळ्यांना वाटतं. पण सरकारचे पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणारी संस्था) नोंदीत तुमच्या आधारसमोर जी बँक असेल तिथे, आणि तिथे एका वेळी एकच बँक राहते. मुलाने मध्येच कुठे सिम घेताना नाहीतर ॲप टाकताना नवीन खातं उघडलं आणि सीडिंगला (आधार त्या खात्याला जोडायला) हो म्हटलं की पैसे त्या खात्यात जातात, आणि घरचे वर्षभर जुनं पासबुक एन्ट्रीला घेऊन फिरतात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही फुकट करून देतो. मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे एवढंच, कारण ओटीपी त्यावरच येतो.

नाव. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. वडिलांचं नाव मध्ये नाही, आडनाव आधी आहे, 'बाई' जोडलंय नाहीतर काढलंय, जन्मतारखेत नुसतं साल आहे. हे ॲडमिशनच्या आधी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतच सरळ करून घ्या. जून-जुलैमध्ये आधार केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

उत्पन्नाचा दाखला. तहसीलदाराचाच लागतो, तलाठ्याचा रिपोर्ट हा त्याच्यासाठी लागणारा एक कागद आहे, तो म्हणजे दाखला नाही. पगारदार असाल तर फॉर्म १६. दाखल्यावर खाली मुदत छापलेली असते, बहुतेक वेळा ३१ मार्च, ती बघितल्याशिवाय अपलोड करू नका, मुदत संपलेल्या दाखल्यावर फॉर्म हमखास परत येतो. आणि स्टॅम्पचं सांगतो, मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी जाहीर केलंय की उत्पन्न, जात, रहिवासी, नॉन क्रिमिलेयर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागणार नाही, साध्या कागदावर चालतं. कोणी स्टॅम्प आणायला लावत असेल तर हे शांतपणे सांगा.

फॉर्म भरल्यानंतरचं. सबमिट झालं की काम संपलं असं समजू नका. फॉर्म आधी तुमच्या संस्थेच्या लॉगिनला जातो, तिथून जिल्ह्याच्या ऑफिसला. मध्ये कुठेही कागद अस्पष्ट दिसला की 'सेंट बॅक' होतो, आणि मग मुदतीत दुरुस्त करून परत पाठवायचा असतो, ती मुदत गेली की त्या वर्षाचं गेलं. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा. मंजूर झाल्यावर लॉगिनमध्ये रिडीमचं (पैसे घ्यायचं) बटण आलं तर ते विद्यार्थ्यानेच दाबायचं असतं. दुसऱ्या वर्षी परत रिन्युअल, ते आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी मिळालं म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं दुसऱ्या वर्षी फीला अडकतात, फार वाईट वाटतं बघून.

आणि पैसे आले की त्यात कॉलेजची फी पण असते हे घरात सगळ्यांनी लक्षात ठेवा. खात्यात मोठी रक्कम दिसली म्हणून मोबाईल घेतला, बियाणं आणलं, असं झालं की नंतर कॉलेज मूळ कागदपत्रं द्यायला कुरकुर करतं आणि पोराचं पुढचं ॲडमिशन लटकतं. आधी फी भरा, पावती घ्या, मग उरलेलं तुमचं.

छोटे कोर्स आणि कारागीर

पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल विकास योजना), डीडीयूजीकेवाय (दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना) आणि आरसेटी या तिन्हीत विद्यार्थ्याने फी भरायचीच नसते. आरसेटी म्हणजे जिल्ह्यातल्या बँकेची ट्रेनिंग संस्था, शेळीपालन, शिवणकाम, मोबाईल रिपेअर, ब्युटी पार्लर असे कोर्स, राहणं-जेवण फुकट. आमच्या मते गावाकडच्या बायकांसाठी आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, पण लोकांना माहीतच नसतं.

पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर २०२३ पासून. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी असे १८ पारंपरिक व्यवसाय. वय १८ पूर्ण, घरातल्या एकालाच, सरकारी नोकरीवाल्या घराला नाही. पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख कर्ज. नोंदणी फुकट आहे. "फ्री शिलाई मशीन" म्हणून व्हॉट्सॲपवर ज्या लिंक फिरतात त्या उघडू नका, शिंप्यांना जे मिळतं ते याच योजनेतल्या व्हाउचरमधून, वेगळी लिंक, वेगळी फी, कुरिअरचे पैसे असलं काही नसतं. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, आम्हाला सुद्धा फोनवर नाही, समोर बसूनच.

शिकून झाल्यावर आणि इतर

अप्रेंटिसशिपला, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याला, कमी लेखू नका. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला महिन्याला कमीत कमी ७,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० विद्यावेतन ठरलं, त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १,५००, केंद्र सरकार एनएपीएस या अप्रेंटिसशिपच्या योजनेतून देतं. हे पण आधारवाल्या खात्यातच येतात, म्हणून वरचं बँकेचं परत एकदा वाचा.

वडील किंवा आई बांधकामावर असतील आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर पहिल्या दोन मुलांना अकरावी-बारावीला वर्षाला १०,००० आणि डिप्लोमाला २०,००० मिळतात, एमएस-सीआयटीची फी पण परत मिळते. नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. कार्डाचं नूतनीकरण केलेलं पाहिजे, नाहीतर मुलाचा क्लेम जात नाही.

तरी फी कमी पडली तर सावकाराकडे जायच्या आधी बँकेत स्किल लोनचं (कौशल्याच्या कोर्ससाठीचं कर्ज) विचारा, जुलै २०२४ पासून त्याची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांपर्यंत वाढलीय.

आमच्याकडे येताना

आधार, आधारला जोडलेला मोबाईल सोबत, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रिमिलेयर, रहिवासी, चालू उत्पन्न दाखला, रेशन कार्ड, पासबुक, अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती. सगळं ओरिजिनल आणा, स्कॅन इथेच करतो, मोबाईलवरचे तिरके फोटो चालत नाहीत. विद्यार्थी स्वतः आला पाहिजे, पासवर्ड त्यानेच ठरवायचा आणि त्यानेच लिहून ठेवायचा, आम्ही आमच्या वहीत ठेवत नाही. आमचे दर काउंटरवर लावलेत, त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त देऊ नका आणि पावती मागून घ्या. मंजूर रकमेवर टक्केवारी मागणारा कोणी भेटला तर तो सरकारचा माणूस नाही आणि आमचाही नाही.

सकाळी अकराच्या आत आलात तर पोर्टल बरं चालतं, दुपारनंतर सर्व्हर गोल गोल फिरत बसतो. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात तर रात्री उशिरापर्यंत आम्ही थांबतो, पण तोपर्यंत वाट बघू नका.