औद्योगिक परिसरात लांब पल्ल्याचे वायरलेस जाळे: पात्रता, मान्यता आणि कागदपत्रे

माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यातील तेलटाक्यांची पातळी किंवा बंदरातील पंपांचा दाब दूरच्या नियंत्रण कक्षातून पाहायचा असेल, तर खाऱ्या हवेत आणि मुंबईच्या पावसाळ्यात केबल सांभाळत बसण्यापेक्षा लोरासारख्या (LoRa) कमी विजेच्या रेडिओ तंत्रावरचे लांब पल्ल्याचे वायरलेस जाळे पुष्कळदा सोयीचे ठरते. त्यासाठी वापरला जाणारा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. मात्र परवान्यातून सूट मिळाली म्हणजे मान्यतेतूनही सूट मिळाली असे नाही, आणि हे खरेदीचा आदेश निघण्यापूर्वीच ध्यानात घेतले पाहिजे.

२००५ साली ८६७ मेगाहर्ट्झपर्यंत असलेली ही सूट २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत वाढवली. प्रेषकाची शक्ती कमाल १ वॅट, अँटेनासह प्रभावी विकिरित शक्ती (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती) कमाल ४ वॅट आणि वाहकाची पट्टरुंदी, म्हणजे एका संदेशलहरीने व्यापलेली वारंवारतेची रुंदी, २०० किलोहर्ट्झ, या तिच्या अटी आहेत. अमेरिकेतील ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची उपकरणे स्वस्तात मिळाली तरी ती घेऊ नयेत, कारण आपल्याकडे त्या पट्ट्याच्या काही भागात मोबाइल सेवा चालते. युरोपातील उपकरणांच्या ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ या नेहमीच्या वाहिन्याही आपल्या मर्यादेच्या किंचित बाहेर पडतात. त्यामुळे पुरवठादाराकडून भारतासाठीच्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ या वाहिन्यांची मांडणी लेखी मागून घ्यावी.

उपकरणाची प्रकार-मान्यता, म्हणजे ईटीए, दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडून 'सरल संचार' पोर्टलवर स्वयंघोषणेने मिळते. ती मॉडेलनिहाय असते आणि अर्ज सामान्यतः उत्पादक किंवा आयातदार करतो. अर्जासोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेडिओ चाचणी अहवाल, तांत्रिक माहितीपत्रक, कंपनीची नोंदणी, पॅन, स्वाक्षरीचे अधिकारपत्र आणि आयातदार असल्यास आयात-निर्यात कोड ही कागदपत्रे तयार ठेवावीत. अहवालातील आणि उपकरणावरील मॉडेल क्रमांक अक्षरशः एकच असावा, कारण त्यात तफावत राहिली तर न्हावा शेवा येथे माल सोडवताना अडचण येऊ शकते.

जाळे केवळ स्वतःच्या कारखान्यापुरते न ठेवता त्यावरून इतरांना व्यावसायिक सेवा द्यायची असेल, तर दूरसंचार विभागाच्या एम-टू-एम (यंत्रांच्या आपसातील संपर्काच्या) सेवाविषयक नोंदणीच्या किंवा परवान्याच्या अटी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

अँटेनाच्या मनोऱ्याचा विषय मुंबईत विशेष काळजीचा आहे. शहराचा फार मोठा भाग सांताक्रूझ आणि जुहू विमानतळांच्या उंची-निर्बंधाखाली येतो. मनोऱ्याच्या जागेची अनुज्ञेय उंची रंगसंकेत नकाशावर, म्हणजे कुठे किती उंची चालते हे रंगांनी दाखवणाऱ्या नकाशावर, पाहावी आणि मनोरा तिच्या वर जात असल्यास भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पोर्टलवर अर्ज करावा. त्यासाठी डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्रणालीतील अक्षांश-रेखांश आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची यांची प्रमाणित नोंद लागते.

ज्वालाग्राही वायू असलेल्या झोनमध्ये सेन्सर बसवायचे असतील, तर ते पाण्यापासून सुरक्षित असणे पुरेसे नाही. तेथील विद्युत उपकरणांना नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे 'पेसो'ची, मान्यता लागते. पुरवठादाराने ती घेतलेली आहे का, हे मॉडेल आणि झोननिहाय पाहावे. त्यानंतर बॅटरी किंवा अँटेना बदलायची असल्यास तो बदल मान्यतेत बसतो का, हे आधी विचारून घ्यावे.