सादी कार्नो: काका की पुतण्या?

फिजिक्समध्ये सादी कार्नोचं 'कार्नो इंजिन' (उष्णतेतून काम काढणारं, कागदावरचं आदर्श इंजिन) घोकलेला माणूस फ्रान्सचा इतिहास वाचायला घेतो आणि एका ओळीवर अडखळतो: १८९४ मध्ये ल्यों शहरात सादी कार्नोचा खून झाला. पण तो तर १८३२ मध्येच कॉलऱ्याने गेला होता ना?

गेलाच होता. हा दुसरा, त्याचा पुतण्या. (काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला राजकारण आठवतं. इथे ते फक्त पुतण्याच्या वाट्याला आलं.)

घोटाळ्याचं मूळ आजोबांपाशी आहे. लाझार कार्नो गणिती होते आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याची घडी त्यांनीच बसवली. त्यांना फारसी कवी सादीचं भारी वेड, म्हणून थोरल्या मुलाचं नाव सादी. धाकट्या इपोलितने पुढे आपल्या मुलालाही दिवंगत भावाचं नाव दिलं. पुतण्या जन्मला १८३७ मध्ये, त्यामुळे दोघांची कधी गाठच पडली नाही.

काका निकोला लेओनार सादी. त्यांनी १८२४ मध्ये एक छोटेखानी पुस्तक काढलं. प्रश्न साधा होता: वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम काढता येईल? उत्तर असं की ते वाफेवर किंवा यंत्राच्या घडणीवर नाही, तर गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवर ठरतं. आजच्या हिशोबात सांगायचं तर, गरम बाजू ५०० केल्विन (निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान) आणि थंड ३०० केल्विन असेल, तर कितीही कारागिरी करा, घेतलेल्या उष्णतेच्या ४० टक्क्यांहून जास्त काम निघत नाही. गंमत म्हणजे उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे या तेव्हाच्या चुकीच्या समजुतीवर उभं राहून त्यांनी हे बरोबर उत्तर काढलं. हयातीत कुणी फारसं विचारलं नाही. छत्तिसाव्या वर्षी ते गेले, आणि साथीच्या धास्तीने त्यांचं बरंच सामान, कागदांसकट, नष्ट केलं गेलं.

पुतण्या मारी फ्रांस्वा सादी. शिकला तोही काकांच्याच एकोल पॉलितेक्निक या इंजिनिअरिंगच्या नामांकित संस्थेत, इंजिनिअरही झाला. म्हणजे तेवढ्या खुणेवर ओळखायला जाल तर फसाल. १८८७ मध्ये तो फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. आयफेल टॉवर उभा राहिला तो त्याच्याच कारकिर्दीत. २४ जून १८९४ ला कासेरिओ नावाच्या इटालियन अराजकवाद्याने त्याला भोसकलं. फ्रान्समध्ये 'सादी कार्नो' नावाचे रस्ते दिसतात, ते बहुतेक याचेच.

आणि कार्नोटाइट हे युरेनियमचं पिवळं खनिज? ते दोघांपैकी कुणाचंच नाही. ते राष्ट्राध्यक्षांचा धाकटा भाऊ, रसायनतज्ज्ञ आदोल्फ याच्या नावाचं.