बीपी घाईने उतरवलं तर मेंदूला महागात का पडतं?

मेंदूचं वजन जेमतेम १.४ किलो, पण मिनिटाला ७००-७५० मिली रक्त त्याला हवंच असतं. साठा जवळजवळ नसतोच. प्रवाह पूर्ण थांबला तर सहा ते दहा सेकंदांत शुद्ध हरपते. इकडे बीपी झोपेत उतरतं, जिना चढताना वाढतं. तरी मेंदूतला प्रवाह १०० ग्रॅममागे मिनिटाला ५० मिलीच्या आसपासच राहतो.

ही किमया धमन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंची. दाब वाढून भिंत ताणली गेली की स्नायूपेशींत कॅल्शियम शिरतं, स्नायू आवळतात, नळी अरुंद होते. दाब उतरला की त्या सैल पडतात. विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्येच रक्तवाहिन्यांचा हा गुण नोंदवला होता. हालचालही फार लागत नाही. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो, त्यामुळे त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर त्याच दाबाला प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

मात्र या सगळ्याला काही सेकंद लागतात. उकिडवं बसून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते ती म्हणूनच: अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरलेलं असतं, आणि धमन्या अजून सैल व्हायच्या असतात.

दुसरी सूत्रं कार्बन डायऑक्साइडच्या हाती. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या ४० मिमीच्या आसपास असतो. तो १ मिमीने घटला की मेंदूतला प्रवाह ३ ते ४ टक्क्यांनी कमी होतो. घाबरून धापा टाकणाऱ्या माणसाचा हा आकडा सहज ३० वर येतो. ऑक्सिजन भरपूर असूनही त्याला गरगरतं ते त्यामुळे. मेंदूला सूज आली असेल तर अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरचा वेग वाढवून हाच परिणाम मुद्दाम साधतात, पण थोड्याच वेळापुरता, नाहीतर मेंदूच उपाशी राहायचा.

आता मूळ प्रश्न. खालच्या बीपीत वरच्या-खालच्या आकड्यांमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की सरासरी दाब मिळतो. १२०/८० ला तो ९३. हा सरासरी दाब ६० ते १५० असेपर्यंत प्रवाह स्थिर राहतो, असं नील्स लासेन यांच्या १९५९ च्या आलेखापासून पाठ्यपुस्तकं सांगत आली. प्रत्यक्षात ही पट्टी इतकी सपाट नाही, आणि दाब चढला तर मेंदू जितका सावरून घेतो तितका दाब पडल्यावर घेत नाही.

वर्षानुवर्षं बीपी चढलेलं असेल तर धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि ही पट्टीच वर सरकते. समजा, तिची खालची हद्द ११० झाली आहे. अशा रुग्णाचं २०० / १२० बीपी, म्हणजे सरासरी १४७, अर्ध्या तासात १२०/८० वर आणलं तर कागदावर सगळं छान दिसतं, पण मेंदूचा पुरवठा तुटायला लागतो. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून बीपी पाडण्याची रीत याच कारणाने मागे पडली. त्यातून पक्षाघात झालेले आहेत. तातडीच्या वेळीही पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत. महाधमनी फाटत असेल तर गोष्ट वेगळी. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर २२०/१२० पर्यंतचं बीपी सहसा तसंच राहू देतात. इंजेक्शन द्यायचं तर ते आधी १८५/११० च्या खाली आणावं लागतं. एरवी औषधांनी आठवडे-महिने घेऊन सावकाश उतरवलं तर पट्टीही बरीचशी खाली येते.

वरची हद्द ओलांडली की आवळलेल्या धमन्या दाबापुढे हार मानतात, द्रव बाहेर झिरपतो, सूज येते. डोक्याच्या मागच्या भागातल्या वाहिन्यांना आवळणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं विरळ असल्याने पहिला फटका बहुधा तिथे बसतो, आणि दृष्टीचं केंद्र तिथेच असतं. डोकेदुखी, अंधुक दिसणं, मग झटके. गरोदरपणात हे तुलनेने कमी बीपीलाही घडतं, म्हणून १६०/११० आणि त्यापुढचा आकडा टिकून राहिला तर तिथे औषधाला उशीर करत नाहीत.